मागची फळी

सौंदर्या माहेराहून परतली तेव्हा बोट रंगवून झाली होती.

दोनच दिवस ती निपाणीला गेली होती, मावसबहिणीच्या मुलाच्या बारशाला. निघताना बोट सासरच्या ओतकामाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, खरवडलेली, अंगभर पुट्टीचे करडे डाग घेऊन. रविवारी सकाळी ती कोल्हापुरात रिक्षातून उतरली तर बोट ट्रॉलीसकट अंगणात, घराच्या दारासमोर. खाली पांढरी, वर लाल, मधून बोटभर रुंदीची निळी पट्टी. पंधरा फुटांचं ते फायबरचं धूड उन्हात असं चमकत होतं, की शेजारच्या लेथवाल्याची माणसं काम सोडून फाटकाशी उभी होती.

तिनं बॅग पायरीवर ठेवली आणि घरात न जाता बोटीला वळसा घालून मागं गेली.

बोटीच्या मागच्या बाजूला उभी फळी असते. इंजिन तिच्यावरच टांगतात. फायबरच्या दोन थरांमध्ये जाड प्लायवुड, बाहेरून दिसत नाही. मंगळवारी सौंदर्यानं तिथं ड्रिलनं सहा भोकं पाडली होती. प्लायवुड चांगलं असेल तर कोरडा, पांढरा भुसा पडतो. इथं चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा बाहेर आला होता. सोळा पावसाळे शेडच्या पागोळ्या झेलत बोट पडून होती, त्यातलं पाणी आत मुरून लाकूड कुजून गेलं होतं. आता ती सहाही भोकं गायब होती. तिनं तळहात फिरवला. लोण्यासारखं गुळगुळीत.

निसार मिस्त्री शेडच्या दारात बसून ब्रश धूत होता. पंचवीस वर्षं त्यानं ट्रकच्या केबिनी आणि एसटीची तोंडं फायबरनं बांधली होती, आणि दसऱ्यापासून सौंदर्याला फायबरची मॅट कशी अंथरायची, ती चिकटवणारं रेझिन किती कालवायचं हे त्यानंच शिकवलं होतं. तिच्याकडं न बघताच तो बोलला.

"दादांनी सांगितलं, वहिनी. मी म्हटलं, वहिनी येऊ देत. तर म्हणाले, बोट कुणाची हाय?"

"आतलं लाकूड?"

"हाय तसंच हाय."

रंग का दिला हे तिला कळलं होतं. आज आजऱ्याचे पाहुणे येणार होते. थोरल्या दिराच्या, शिवप्रसादच्या मुलीचं, शांभवीचं लग्न जमण्यात होतं. मुलाचे वडील गुरुसिद्धप्पा यांचा काजूचा कारखाना होता, आणि वर्षभरापूर्वी त्यांनी धरणाच्या काठावर सहलीच्या लोकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. मागच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांची नजर शेडमधल्या बोटीवर खिळली. शिवप्रसादनं तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला: ही बोट आमच्या पोरीबरोबर तुमच्या दारात येईल.

पाच महिने बोटीवर खपलेल्या सौंदर्याला त्यानं विचारलं नव्हतं. तिला वाईट वाटलं होतं, पण ते तिनं बाजूला ठेवलं होतं. नवरा बसवेश मस्कतला दोन वर्षांच्या करारावर गेल्यावर तिनं सासऱ्यांकडं ही बोट मागून घेतली ती काही मिरवायला नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलेल्या हातांना काहीतरी खरं काम हवं होतं. काम पुरं झाल्यावर बोट घरातल्या पोरीकडं गेली तर बिघडलं कुठं? फक्त ते पुरं व्हायला हवं होतं.

ती घरात गेली. शिवप्रसाद सोफ्यावर नवी चादर ताणत होता. सासरे भरमाप्पा खिडकीपाशी पेपर वाचत होते.

"दादा, ती फळी कुजलीय."

"म्हाईत हाय," तो चादरीची घडी काढत म्हणाला. "आज नुसती बघणार हाईत. लगीन वैशाखात. तोवर घालू की नवी फळी."

"मग आज तसंच सांगूया."

शिवप्रसाद सरळ उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं थोराड, आणि दोन वर्षांत कारखान्याच्या मंदीनं डोळ्यांखाली काळा झालेला. आवाज न चढवता त्यानं तिला समजावलं. आपण होऊन कबूल केलेली वस्तू पहिल्याच दिवशी कुजकी निघाली, तर पाहुण्यांनी आपल्याबद्दल काय धरून चालायचं? आज सुपारी फुटू दे. एकदा नातं झालं की आपलीच माणसं, आपणच दुरुस्त करून देऊ. यात कुणाला फसवायचं नाही.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती सासऱ्यांकडं वळली. हे पाच महिने रोज दुपारी ते स्टूल घेऊन तिच्याजवळ बसले होते. भोकं पाडली तेव्हाही तो काळा लगदा त्यांनीच चिमटीत धरून हुंगला होता.

"मामा?"

भरमाप्पांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली.

"आजचा दिवस गप बस, बाळ," ते म्हणाले. "पोरीचं होऊ दे."

*

पाहुणे अकराला आले. गुरुसिद्धप्पा, त्यांची बायको, मुलगा विरूपाक्ष आणि गुरुसिद्धप्पांची थोरली बहीण, जिला गावभर आक्का म्हणत. गुरुसिद्धप्पा गाडीतून उतरले ते आधी बोटीकडं गेले. लाल रंगावर हात ठेवून ते इतके मोकळे हसले, की शिवप्रसादला वाटलं, निम्मं काम झालं.

जेवणापर्यंत सगळं त्याच्या मनासारखं झालं. शिवगंगानं, त्याच्या बायकोनं, होळगी, म्हणजे पुरणाची पोळी, अशी केली होती की आक्कानं दुसरी मागून घेतली. विरूपाक्ष फारसा बोलत नव्हता, पण शांभवी भात वाढायला आली तेव्हा त्यानं तिला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी काय विषय होता ते विचारलं आणि तिचं उत्तर लक्ष देऊन ऐकलं. शिवप्रसादनं ते टिपलं. मुलगा चांगला होता. पोरीला तो आवडला होता, हेही त्याला ठाऊक होतं. बापाला कळतं.

आमटीचा भुरका मारून गुरुसिद्धप्पा म्हणाले, की उद्या सकाळी ते ट्रक पाठवत आहेत.

शिवप्रसादचा हात ताटातच राहिला. "उद्या? गडबड कशाला एवढी? लग्नानंतर पोरीसंगट..."

"शिवरात्रीला आमच्यात जत्रा असतीया, धरणाकडंच्या देवळात. त्या दिवशी सुरू करायची." गुरुसिद्धप्पा उत्साहात होते. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. चाळीस घोड्यांचं इंजिन गेल्या आठवड्यात आणून ठेवलं होतं. आजऱ्यातल्या दोन शाळांना शब्द दिला होता. एका फेरीला सहा पोरं.

शिवप्रसादनं आणखी दोनदा प्रयत्न केला. रंग अजून पुरता वाळला नाही, म्हणाला. ट्रॉलीचं एक चाक बदलायचंय, म्हणाला. दोन्ही वेळा गुरुसिद्धप्पांनी हसून उडवून लावलं. रंग वाऱ्यानं वाळेल, चाक आमच्याकडं बदलू. त्यानं बापाकडं बघितलं. भरमाप्पा भात कालवत होते, कालवतच होते.

आई, धोंडुबाई, तूप वाढत होती. तिच्या हातातली तुपाची वाटी गुरुसिद्धप्पांच्या ताटावर थांबली.

"पोरं बसणार व्हय त्यात?"

"व्हय की, आज्जी. बारकी पोरं. मोठी तर भिऊनच मरतील," गुरुसिद्धप्पा म्हणाले, आणि सगळे हसले.

धोंडुबाईनं वाटी खाली ठेवली. सोळा वर्षं तिनं त्या बोटीला शिव्या घातल्या होत्या. कुठल्याशा ठेकेदारानं पंपाच्या बदल्यात नवऱ्याच्या गळ्यात मारलेलं हे धूड भंगारात घाला, म्हणून दर दिवाळीला भांडली होती. सून त्यावर काम करायला लागली तेव्हा तिनं आठ दिवस अबोला धरला होता. पण सकाळी ती स्वयंपाकघरात होती आणि पुढच्या खोलीतलं बोलणं तिथं ऐकू येत होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग मुलाकडं. दोघांनी माना खाली घातल्या.

"सौंदर्या," तिनं आत हाक मारली. "जेवणं झाली की पावण्यांना बोट दाखव." आणि थोडं थांबून: "नीट दाखव."

आईनं हात पुसले आणि ती भात आणायला आत गेली.

*

शांभवी पायरीवर उभी होती. पोपटी इरकल साडी, केसांत मोगरा.

काकी शेडमधून छोटी हातोडी घेऊन आली तेव्हा शांभवीला पुढं काय होणार ते कळलं, कारण फळीचं तिलाही माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीभर तिनंच काकीबरोबर ही बोट पॉलिश पेपरनं घासली होती, बोटांची सालं जाईपर्यंत. परवा संध्याकाळी निसार मिस्त्री भोकं बुजवत होता तेव्हा ती खिडकीतून बघत होती. तिनं बाबांना एका शब्दानं हटकलं नव्हतं. विरूपाक्ष दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा तिला तो आवडला होता. हे जमावं म्हणून ती गप्प राहिली होती.

काकीनं पाहुण्यांना बोलावलं. आधी बोटीच्या कडेला हातोडी मारली. टण. थोडं मागं सरकून पुन्हा मारली. टण. मग ती मागच्या फळीशी गेली आणि लाल रंगावर तशीच, तेवढ्याच जोरानं मारली.

धप.

गुरुसिद्धप्पांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना वाटलं असावं, बोटीला असाच आवाज असतो. काकीनं पुन्हा दोन्हीकडं मारून दाखवलं. मग ती बोलायला लागणार तेवढ्यात आजोबा पायरी उतरले.

भरमाप्पांनी पन्नास वर्षं ओतकाम केलं होतं. साच्यातून निघालेला प्रत्येक भाग ते टांगून हातोडीनं वाजवून बघत. घणघणला तर गिऱ्हाइकाकडं, नाही घणघणला तर गिऱ्हाइकाच्या समोर घण घालून फोडत. ते सुनेसमोर आले आणि हात पुढं केला. तिनं हातोडी दिली. त्यांनी नीट ऐकू येणारा कान फळीजवळ नेला, एकदाच मारली, आणि सरळ झाले.

"आत लाकूड कुजलंय, पावणं. ही बोट आज पाण्यात घालायची न्हाय."



गुरुसिद्धप्पांनी सौंदर्याला विचारलं, की यावर इंजिन टांगून जोरात सोडलं असतं तर काय झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं. इंजिनाचा सगळा रेटा या फळीवर येतो. फळी इंजिनासकट उपटून पाण्यात गेली असती, आणि मागच्या भगदाडातून पाणी आत. काठाजवळ असती तर लोक वाचले असते.

"आजच कळलं व्हय हे?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

"मला मंगळवारी कळलं," भरमाप्पा म्हणाले. "मीच म्हटलं, आज बोलू नका."

शांभवीनं बाबांकडं बघितलं. ते शर्टाची बाही वर-खाली करत होते. एवढ्यावर भागलं असतं. आजोबांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

"अण्णा न्हाय," बाबा आजोबांकडं बघत म्हणाले. "रंग मी मारायला लावला. भोकंबी मीच बुजवून घेतली. माझं चुकलं, पावणं."

बावीस वर्षांत हे वाक्य शांभवीनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, पण तसं झालं नाही. उलट सकाळपासून ताठून बसलेली पाठ सैल झाली.

"दुरुस्त होईल?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"महिना द्या," काकी म्हणाली. "फळी काढून नवी घालीन. मग मी स्वतः त्यात बसून तुम्हाला फेरी मारून दाखवीन."

"शिवरात्र त्याआधी हाय."

"मग शिवरात्रीला ही मिळणार नाही."

विरूपाक्ष वाकून फळीचा खालचा भाग बघत होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण आक्कानं पदर डोक्यावर सारखा केला आणि गाडीकडं निघाली.

"चल गुरू," ती म्हणाली. "कळवू आपण."

*

कळवू म्हणजे काय, हे मुली असलेल्या घरांना सांगावं लागत नाही. गाडी वळली, धूळ खाली बसली. सुपारी देवासमोरच्या ताटात तशीच होती.

शिवगंगा जावेसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"तुझ्या पोटची असती, तर बोलली असतीस?"

सौंदर्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. शब्द कुठं लागेल हे शिवगंगाला माहीत होतं, आणि बोलून झाल्यावर तिलाच तो लागला.

"माझी असती ना ताई, तर मी जेवणं होईपर्यंत थांबले नसते."

ती आत गेली, साडी बदलली, बसवेशचा जुना शर्ट चढवला आणि शेडमधून ग्राइंडर काढला. बोट पोरीबरोबर जाणार की नाही हा प्रश्न आता तिचा नव्हता. फळी तिची होती. निसार फाटकाबाहेर कट्ट्यावर बसला होता, पाहुणे गेले तरी उठला नव्हता. मशीनचा आवाज ऐकून तो आत आला आणि तिच्या हातातून ग्राइंडर घेतला.

"मी झाकलं, मीच फाडतो," तो म्हणाला.

त्यानं आतल्या बाजूचा फायबरचा थर चौकोनात कापला. तुकडा निघाला तसा आंबट, कुबट वास अंगणभर पसरला. आतलं लाकूड हातानं निघत होतं. काळं, लिबलिबीत, शेणासारखं. घमेली भरली, तरी खालच्या कोपऱ्यात निघतच राहिलं. थोड्या वेळानं शांभवी बाहेर आली. केसांतला मोगरा तसाच होता, अंगावर जुना पंजाबी ड्रेस. काही न विचारता तिनं दुसरं घमेलं पुढं ओढलं. आईनं खिडकीतून तिला हाक मारली, दोनदा. तिनं "आले" म्हटलं आणि काम चालूच ठेवलं.

भरमाप्पा स्टूल घेऊन आले. ते तासभर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "सकाळी मी बोलायला पाहिजे होतं. तू एकटी पडलीस."

"व्हय," ती म्हणाली. मग तिनं एक लोखंडी पट्टी त्यांच्या हातात दिली. "ती डावी कड खरवडा, मामा. तिथं माझा हात पोचत नाही."

धोंडुबाईनं तीन कप चहा बाहेर पाठवला, आणि मागोमाग चौथा, नवऱ्याचा.

*

आठवडाभर आजऱ्याहून काही आलं नाही. फोन वाजला की शिवगंगा हातातलं टाकून धावायची आणि कारखान्याचाच निघायचा. शिवप्रसाद ऑफिसात बसून ग्राइंडरचा आवाज ऐकत राहिला. पहिले दोन दिवस त्याला त्या आवाजाची चीड आली. आपण एवढं जमवून आणलं, आणि एका हातोडीनं मोडलं. तिसऱ्या दिवशी तो जेवायला घरी चालला होता तेव्हा शेडबाहेर घमेल्यात भरून ठेवलेलं ते काळं लाकूड त्यानं बघितलं. मूठभर उचललं, दाबलं. बोटांमधून पाणी गळलं. सहा पोरं, त्याच्या मनात आलं.

पुढच्या रविवारी नवी फळी बसवायची होती. हे त्याला शांभवीकडून कळलं. त्यानं कारखान्यातले मोठे क्लॅम्प काढले, आठ, आणि हातगाडीवर घालून शेडमध्ये नेले. निसार त्या वेळी रेझिन ओतत होता. सौंदर्यानं क्लॅम्पकडं बघितलं, मग दिराकडं.

"बरं झालं आणले," ती म्हणाली. "आमच्याकडं चारच होते."

रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते घट्ट होण्याआधी वीस मिनिटं मिळतात, तिनं सांगितलं, तेवढ्यात फळी जागेवर बसून सगळीकडून दाबली गेली पाहिजे. निसारनं मिसळलं. दोघांनी फळीला रेझिन फासलं, आत उतरवली, वरच्या कडेला क्लॅम्प लागले. पण खाली, मधोमध, क्लॅम्पचा जबडा पोचेना. तिथं फळी बाहेरच्या थरापासून बोटभर सुटलेली होती. निसारनं लाकडाचा ठोकळा अडकवून बघितला, तो निसटला. दुसरा निसटला. निसारनं भांड्यात काडी घालून बघितली. रेझिन तार धरायला लागलं होतं.

शिवप्रसादनं चपला काढल्या आणि तो बोटीत चढला. फळीला पाठ लावून बसला, दोन्ही पाय समोरच्या आसनाला टेकवले आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून मागं रेटलं. फट मिटली. कडेनं रेझिनचा ओघळ बाहेर आला.

"असंच," सौंदर्या म्हणाली. "हलू नका."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

त्यानं मान हलवली. माघातलं ऊन पत्र्यावर तापत होतं. पाठीमागं रेझिन गरम व्हायला लागलं, ते शर्टातून कळत होतं. भरमाप्पा स्टुलावर होते, शांभवी क्लॅम्पचे दांडे आवळत होती. थोड्या वेळानं शिवप्रसाद समोरच्या पत्र्याकडं बघत बोलला.

"त्या दिवशी मला वाटलं, तू बोटीचा राग काढलास. न विचारता दिली म्हणून."

"राग होता," सौंदर्या म्हणाली. "अजून हाय थोडा. पण तो निराळा."

"तो बरोबर हाय," शिवप्रसाद म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं."

तेवढ्यात घरात फोन वाजला. आत शिवगंगाचा आवाज आला. ती मागच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात पदराचं टोक होतं आणि ती ते पिळत होती.

"आजऱ्याचा फोन होता. गुरुसिद्धप्पा स्वतः."

"काय म्हणाले?" भरमाप्पांनी विचारलं.

शिवगंगानं आधी सौंदर्याकडं बघितलं. मग तिनं सांगितलं. शिवरात्रीसाठी त्यांनी गोव्यात दुसरी बोट विकत घेतली होती, जुनीच, पण विकणारा म्हणत होता एकदम फर्स्ट क्लास. बुधवारी येतेय. आक्कानं बजावलंय, की कोल्हापूरची ती सून येऊन वाजवून बघितल्याशिवाय त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. तिला पाठवता का, असं ते विचारत होते.

"आणि?" शिवप्रसाद म्हणाला. त्याला वळून बघता येत नव्हतं.

"आणि म्हणाले, आमच्याकडनं पक्कं हाय. पोरीला विचारा आणि तारीख तुम्हीच धरा." शिवगंगा शेडमध्ये आली आणि जावेच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. रेझिननं माखलेले हात सौंदर्यानं लांब धरले, जावेच्या साडीला लागू नयेत म्हणून.

धोंडुबाई दारात आली होती, ती देवाला साखर ठेवायला तिथूनच माघारी वळली.

"थांब आई," शिवप्रसाद बोटीतून म्हणाला. "पोरीला विचारा म्हणालेत ते. शांभवी, तुझं काय?"

शांभवीनं शेवटच्या क्लॅम्पचा दांडा पुरता आवळला. मग ती सरळ झाली. मागच्या रविवारी गप्प राहून जमवायचं होतं, ते आता तसं जमवायचं नव्हतं.

"बुधवारी मी काकीबरोबर आजऱ्याला जाते," ती म्हणाली. "बोट बघते, घर बघते, त्याच्याशी बोलते. मग सांगते."

शिवगंगाचं तोंड उघडलं. लग्नाआधी मुलगी सासरच्या उंबऱ्यात, असं या घरात कधी झालं नव्हतं. धोंडुबाईही दारातच थांबली. दोघी शिवप्रसादकडं बघत होत्या. तो घामानं निथळत होता, पाय आसनाला टेकलेले, पाठ फळीला.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."

निसारनं भांड्यात काडी रोवून बघितली. ती आत जाईना.

"उठा आता, दादा," तो म्हणाला. "धरलं."